बगळ्यांचा क्वार्टरबॅक

अंशुमन वेलणकरचा चेहरा स्टॅनमोर स्टेशनच्या भिंतीवर लागला, तेव्हा त्याने व्यावसायिक सामन्यात एकही चेंडू फेकलेला नव्हता. पोस्टरवर तो हात मागे ताणून उभा होता, पाठीमागे लंडनच्या उंच इमारती, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा मुलगा आपल्या लंडनचा आहे. त्याच्या आईने, देवयानीने, पहिल्याच दिवशी एका अनोळखी बाईच्या हातात फोन देऊन पोस्टरशेजारी स्वतःचा फोटो काढून घेतला. वडील मिलिंद मात्र रोज सकाळी ऑफिसला जाताना पोस्टरकडे न बघता प्लॅटफॉर्मवर उतरायचे. लाजत होते म्हणा, नाहीतर त्यांना आधीपासूनच काहीतरी खटकत होतं म्हणा.

अंशुमनचा खेळ अमेरिकन फुटबॉल. शाळेत असताना हॅरोच्या एका क्लबात तो सहज म्हणून गेला, युनिव्हर्सिटीत त्याचा हात सगळ्यांच्या नजरेत भरला, आणि शिक्षण संपता संपता युरोपातल्या लीगमधल्या दोन टीम्सनी त्याला विचारलं. एक लंडन सेंटिनल्स, दुसरी ग्लासगो हेरन्स.

"हेरन म्हणजे बगळा ना?" देवयानी म्हणाली होती. "बगळे काय टीमचं नाव असतं का!"

ग्लासगोवाल्यांनी सरळ सांगितलं होतं, की आमचा क्वार्टरबॅक जुना आहे, चांगला आहे, तू पहिलं वर्ष बाकावर बसून बघायचंस. लंडनवाले म्हणाले, पहिल्या दिवसापासून टीम तुझी.

"एक वर्ष बसून शिकायला काय हरकत आहे, अंशू?" मिलिंदनी विचारलं.

"बाबा, बसायला कोण जातं? आय मीन, दे वॉन्ट मी टू प्ले. आणि घर पण इथेच आहे."

घर पण इथेच आहे म्हटल्यावर देवयानी लंडनच्या बाजूने झाली, आणि प्रश्न तिथेच मिटला.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे टीमचं डोकं. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना लाइन म्हणतात. समोरचे ती भिंत फोडून त्याला आडवा करायला धावतात. भिंत टिकेल तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने लांब पळणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि चेंडू त्याच्याकडे भिरकवायचा. म्हणजे हात कितीही चांगला असला, तरी पुढची भिंत पक्की नसेल तर त्या हाताचा काही उपयोग नाही.

सेंटिनल्सनी पोस्टरवर जेवढं लक्ष दिलं होतं तेवढं भिंतीवर दिलं नव्हतं. लाइनमधले गडी दर पंधरवड्याला बदलत. अंशुमनला त्यांची नावं पाठ होईपर्यंत नवे आलेले असत. पहिल्याच सामन्यात तो इतक्या वेळा पाठीवर आपटला की टीव्हीवर बघणाऱ्या देवयानीने उठून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बाहेरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. दुसऱ्या सामन्यात तेच, तिसऱ्यातही तेच. मुख्य कोच हार्ग्रीव्ह्ज दर आठवड्याला नवे डाव काढायचा, आणि फसले की सगळ्यांसमोर विचारायचा, "वेलणकर, तुझे डोळे कुठे असतात?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. अंशुमनचे डोळे खरोखरच खाली यायला लागले होते. लांब पळणाऱ्या आपल्या माणसांकडे बघण्याऐवजी तो अंगावर येणाऱ्यांकडे बघायचा. पुढे पुढे तर कोणी येत नसतानाही त्याचा खांदा आकसायचा, पाय मागे सरायचे आणि चेंडू घाईघाईने कुठेतरी जमिनीत जायचा. शरीराने आपला आपण धडा घेतला होता, आणि तो नेमका चुकीचा धडा होता. जे लोक त्याच्या नावाचे शर्ट घालून आले होते, तेच सीझनच्या शेवटी त्याला ओरडून मैदानाबाहेर जायला सांगत होते.

हार्ग्रीव्ह्जने त्याला काढून टाकताना जे म्हटलं ते वर्तमानपत्रात छापून आलं. "हात देवाने दिलाय, छाती दिली नाही. हा मुलगा कायमचा बिचकलाय."

पोस्टर आधीच उतरलं होतं.

त्या उन्हाळ्यात अंशुमन वडिलांच्या ओळखीने एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत देऊन आला. नोकरी मिळणार हे जवळजवळ नक्की होतं. तेव्हाच ग्लासगोहून फोन आला. हेरन्सच्या क्वार्टरबॅकना शिकवणारे कोच बोलत होते, साठी उलटलेला आवाज. इंग्रजीतून चार वाक्यं झाल्यावर त्यांनी मध्येच विचारलं, "वेलणकर म्हणजे कोकणातला का रे तू?"

अंशुमनला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हो... म्हणजे आजोबा. तुम्हाला मराठी येतं?"

"थोडा थोडा. माझी आजी मराठीतच ओरडायची. आम्ही किहीमचे. सोलोमन किहीमकर माझा नाव." मग पुन्हा इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षी तू आम्हाला नाही म्हणालास, त्याचा राग नाही. जागा तीच आहे, बाकावरची. येणार का?

अंशुमनने फोन हाताने झाकून मिलिंदकडे बघितलं. मिलिंद पेपर वाचत असल्यासारखं करत होते.

"बाबा, ग्लासगो. बेंचवर."

"जा," मिलिंद म्हणाले. "नोकरी काय, पुढच्या वर्षीही मिळेल."

सोलोमन किहीमकर मुंबईच्या ज्यू कुटुंबातले. आईवडील लंडनला आले तेव्हा ते मांडीवर होते. पुढे शाळेत गणित शिकवायला ते ग्लासगोला गेले आणि तिथलेच झाले. तरुणपणी ब्रिटनमध्ये या खेळाच्या हौशी टीम्स निघाल्या, तेव्हा ते स्वतः क्वार्टरबॅक होते, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार अगदी सामान्य क्वार्टरबॅक. पण कोणाचं काय बिघडलंय हे त्यांना लगेच कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी अंशुमनला चेंडू दिलाच नाही.

"फेकायला तुला येतं," ते म्हणाले. "तुला बघायला शिकायचंय."

त्यांनी लाइनमधल्या पाचही जणांना त्याच्या दोन्ही बाजूंनी, अगदी अंगाला घासून पळायला लावलं. स्वतः लांब उभे राहून दोन्ही हात वर केले. "किती बोटं?"

"थ्री!"

"इंग्रजी नको. मराठी."

"का?"

"कारण इंग्रजी तुझ्या तोंडातून झोपेतही येईल. मराठीला तुला डोकं वापरायला लागतो. डोकं तिकडे कामाला लागला की भीतीने कुठे बसायचं?"

तर सुरू झालं. दोन्ही बाजूंनी दोनशे-अडीचशे पौंडांचे गडी धडधडत जायचे, कधी कोपर लागायचं, कधी खांदा, आणि मध्ये उभा राहून अंशुमन ओरडायचा, "चार! सात! नऊ... नाही, आठ!" पहिले काही दिवस तो दर वेळी डोळे मिटायचा. मग मिटेनासा झाला. मग सोलोमननी तीन ठिकाणी तीन माणसं उभी केली आणि आकडे ओळीने सांगायला लावले. संध्याकाळी देवयानीला फोन केला की ती विचारायची, "आज काय शिकलास?" आणि तो सांगायचा, "एक ते दहा." तिला वाटायचं, मुलाला घरची आठवण येते म्हणून तो गंमत करतोय.

पण ग्लासगोत नुसते सोलोमनच नव्हते. हेरन्सची लाइन सहा वर्षं तीच होती, तेच पाच जण. त्यांचा म्होरक्या ह्यूई, चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात देणारा मधला गडी, एरवी शाळेची बस चालवायचा. सेंटिनल्समध्ये अंशुमन लाइनवाल्यांबरोबर कधी जेवला नव्हता. इथे ह्यूईने पहिल्याच आठवड्यात त्याला ताटासकट उचलून आपल्या टेबलावर आणलं. "आम्ही कोणासाठी मार खातो ते आम्हाला माहीत असायला हवं," तो म्हणाला.

आणि होता कॅलम. वयाने अडतिशीचा, गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळणारा, टीमचा खरा क्वार्टरबॅक. ज्याचा आपल्या जागेवर डोळा आहे अशा पोराशी तो कसा वागेल, याची अंशुमनला धास्ती होती. कॅलम सामन्यानंतर न चुकता त्याच्याशेजारी येऊन बसायचा आणि विचारायचा, "तू असतास तर तिसऱ्या डावात कोणाला फेकला असतास?" अंशुमन सांगायचा. कधी कॅलम नकारार्थी मान हलवायचा, कधी म्हणायचा, "मलाही तोच दिसायला हवा होता." अख्खं वर्ष असं गेलं. अंशुमन एकही सामना खेळला नाही, आणि पहिल्यांदाच खेळ त्याला हळू झाल्यासारखा वाटायला लागला.

पुढच्या वसंतात सराव सुरू झाला, तेव्हा कॅलमने सगळ्यांसमोर हेल्मेट अंशुमनच्या छातीवर ठेवलं. "माझे गुडघे आता जिने चढायलासुद्धा नाही म्हणतात. घे रे बाबा."

पहिल्या सामन्याच्या आधी सोलोमनच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. क्वार्टरबॅकला ऐन वेळी ओरडून डाव बदलावा लागतो, आणि ते समोरच्यालाही ऐकू जातं. लीगमध्ये सगळ्यांना इंग्रजी कळतं, जर्मनही निम्म्या जणांना कळतं. "मराठी कोणाला कळतं?" ते म्हणाले. ठरलं. 'डावी' म्हटलं की भिंतीने डावीकडे सरकायचं, 'उजवी' म्हटलं की उजवीकडे. 'थांब' म्हणजे थांब आणि 'आत्ता' म्हटलं की ह्यूईने चेंडू द्यायचा. ह्यूईच्या तोंडात 'थांब'चं 'टांब' झालं आणि ते तसंच राहिलं. पाच स्कॉटिश गडी कपडे बदलायच्या खोलीत एकमेकांवर 'टांब, टांब' ओरडायला लागले, तेव्हा अंशुमनला हसू आवरेना.

त्या सीझनमध्ये हेरन्स जिंकत गेले. सगळे सामने नाही, पण पुरेसे. अंशुमन मार खायचा, उठायचा, ह्यूई त्याचा हात धरून त्याला उभा करायचा आणि दर वेळी विचारायचा, "माझी चूक होती का?" बहुतेक वेळा नसायची. जिथे असायची तिथे अंशुमन सांगायचा, आणि पुढच्या डावात भिंतीतली ती भोकं बुजलेली असायची. ऑगस्टमध्ये फायनल होती, लंडनला. समोर सेंटिनल्स.

हार्ग्रीव्ह्ज अजून तिथेच होता. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला वार्ताहरांनी विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "वेलणकरला मी ओळखतो. जुनी सवय कुठे जाते? आम्ही त्याला आठवण करून देऊ."

सामना दुपारी होता. मिलिंद आणि देवयानी स्टँडमध्ये बसले होते. देवयानीने बगळ्याचं चित्र असलेला राखाडी स्कार्फ गळ्यात घातला होता. आजूबाजूला सगळे सेंटिनल्सचे लोक, आणि त्यातल्या कितीतरी जणांना हा मुलगा आठवत होता. त्याचं नाव पुकारलं गेलं तसा हुर्योचा आवाज उठला. मिलिंदनी हाताची घडी घातली आणि सरळ समोर बघत राहिले.

हार्ग्रीव्ह्जने केलं ते असं. एरवी चार माणसं क्वार्टरबॅकवर सोडतात. त्याने पहिल्या डावापासून सहा, कधी सात सोडली. पाच जणांची भिंत सात जणांना कशी पुरणार? पहिल्याच पाळीत अंशुमन दोनदा आडवा झाला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा बरगडीत काहीतरी कळ मारून गेलं, आणि उठताना त्याला जाणवलं की आपला डावा खांदा आपोआप आकसतोय. लोक आनंदाने ओरडत होते. सेंटिनल्स दहा गुणांनी पुढे गेले.

तो बाजूला आला. सोलोमननी त्याला पाणी दिलं.

"काका, सगळे येतायत. एव्हरी सिंगल टाइम."

"कोणावर येतायत?"

"माझ्यावर!"

"नाही," सोलोमन म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी हार्ग्रीव्ह्जकडे एक पोरगा होता, त्याच्यावर येतायत. पत्ता चुकलाय त्यांचा." मग त्यांनी पाण्याची बाटली परत घेतली. "अकरातले सात जण तुझ्याकडे धावले तर मागे राहिले किती?"

अंशुमनने तोंड उघडलं आणि मराठीतच उत्तर आलं. "चार."

"मग त्या चार जणांकडे बघ. बाकीचे तुझे नाहीत, ह्यूईचे आहेत."

पुढच्या वेळी तो उभा राहिला तेव्हा सात जण पुढे सरकताना त्याला दिसले. त्याने त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं. पलीकडे मोकळं रान होतं. "उजवी! उजवी!" तो ओरडला. भिंत एका पावलाने उजवीकडे सरकली. "आत्ता!" चेंडू हातात आला, डावीकडून कोणीतरी तुटून येत होता हे त्याला कळत होतं, पण त्याच्याकडे बघायला वेळच नव्हता. जेमी नावाचा हेरन्सचा चपळ गडी मधून सुटला होता. चेंडू गेला आणि मग धडक बसली. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला स्टेडियम गप्प झाल्याचं ऐकू आलं, आणि त्या शांततेत कुठेतरी एक बाई एकटीच मराठीतून किंचाळत होती. टचडाउन, चेंडू थेट गोलरेषेपलीकडे.

हार्ग्रीव्ह्जने डाव बदलायला हवा होता. त्याने बदलला नाही. त्याचा त्या बिचकणाऱ्या मुलावर इतका विश्वास होता की तो माणसं पाठवतच राहिला, आणि अंशुमन त्यांच्या डोक्यांवरून चेंडू फेकत राहिला. दुसरा टचडाउन झाला. मग सेंटिनल्सनी एक केला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा सेंटिनल्स तीन गुणांनी पुढे होते आणि चेंडू हेरन्सकडे आला, आपल्याच टोकाला, अख्खं मैदान पार करायला.

हेरन्स थोडं थोडं करत मध्यापर्यंत पोचले आणि तिथे अडले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड हवे होते, नाहीतर सामना संपला. सेंटिनल्सच्या गड्यांना एव्हाना एवढं मराठी आलं होतं की 'आत्ता' म्हटलं की चेंडू निघतो. ते टाचा उचलून त्या शब्दाची वाट बघत होते. घोळक्यात अंशुमनने ह्यूईच्या हेल्मेटला हेल्मेट लावलं. "या वेळी उलटं. 'आत्ता'ला कोणी हलायचं नाही."

सगळे ओळीत वाकले. स्टेडियमचा आवाज कानठळ्या बसवत होता. अंशुमनने दम घेतला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "आत्ता!"

सेंटिनल्सचे तीन गडी एकदम पुढे झेपावले. हेरन्सचा एकही हलला नाही. पंचांचं पिवळं फडकं हवेत उडालं. वेळेआधी रेषा ओलांडल्याबद्दल पाच यार्ड दंड, म्हणजे हेरन्स पाच यार्ड पुढे. ह्यूई खाली वाकलेल्या अवस्थेतच हसत होता, त्याचे खांदे गदगदताना अंशुमनला मागून दिसत होते.

तिथून मग कोणाला थांबवता आलं नाही. गोलरेषेपासून बारा यार्डांवर आले, घड्याळात शेवटचे काही सेकंद. किक मारून तीन गुण घ्यायचे आणि बरोबरी करायची, असं हेरन्सच्या मुख्य कोचच्या मनात होतं. सोलोमन त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. मुख्य कोचनी अंशुमनकडे बघितलं. अंशुमनने होकारार्थी मान हलवली, आणि किकचा बेत रद्द झाला.

हार्ग्रीव्ह्जने शेवटच्या डावाला आठ जण पाठवले.

आठ म्हणजे त्यातल्या तिघांना अडवायला कोणीच नाही. एक जण सरळ समोरून येत होता, मध्ये काहीही नाही, अंशुमनला त्याच्या हेल्मेटमधले दातसुद्धा दिसले असते, बघितलं असतं तर. तो जेमीकडे बघत होता. जेमी अजून वळला नव्हता. एक पळ थांबायला हवं होतं. लंडनमधला तो मुलगा तेवढा कधीच थांबला नसता. अंशुमन जागचा हलला नाही. पाय रोवून, छाती उघडी टाकून तो उभा राहिला, जेमी वळला, चेंडू सुटला, आणि त्याच क्षणी त्याला कोणीतरी उचलून मागे आपटलं.

आकाश दिसलं, फिकट निळं. पाठीखालची जमीन थरथरायला लागली. काय झालं ते त्याला कळेना. मग ह्यूईचं तोंड आकाशाच्या मध्ये आलं, घामाने आणि रडण्याने भिजलेलं, आणि ह्यूईने त्याला नुसतं उभं केलं नाही, तर लहान मुलासारखं खांद्यावर टाकलं. तिथून अंशुमनला दिसलं की जेमी चेंडू पोटाशी धरून गोलरेषेपलीकडे बसलाय आणि राखाडी शर्टांचा ढीग त्याच्यावर पडतोय.

मिलिंद वेलणकर स्टँडमध्ये खुर्चीवर चढून उभे होते. तीस वर्षांच्या संसारात देवयानीने त्यांना खुर्चीवर चढलेलं बघितलं नव्हतं. त्यांचा आवाज बसला होता तरी ते ओरडत होते, आणि मगाशी हुर्यो करणारा त्यांच्या पुढच्या रांगेतला एक सेंटिनल्सवाला मागे वळून त्यांचा हात हातात घेऊन हलवत होता.

मैदानात वार्ताहरांनी अंशुमनला गाठलं. सेंटिनल्सनी तुझं करिअर बिघडवलं असं लोक म्हणतात, हार्ग्रीव्ह्जला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं. अंशुमन बरगडी धरून उभा होता. "पडायला मी लंडनमध्ये शिकलो," तो म्हणाला. "ते शिकलो नसतो, तर आज पहिल्या दोन वेळेलाच संपलो असतो. पण उभं राहायला मला यांनी शिकवलं." यांनी म्हणताना त्याने बोट दाखवलं. सोलोमन बाकाच्या टोकाला एकटेच बसले होते, चष्मा काढून शर्टाला पुसत.

बोट दाखवायला नको होतं. ह्यूईने ते बघितलं. पुढच्या क्षणी पाचही लाइनमन बाकाकडे धावले आणि साठी उलटलेले गणिताचे मास्तर हवेत गेले. एक हात चष्म्यावर, दुसरा ह्यूईच्या डोक्यावर, आणि घाबरल्यावर माणसाला जी भाषा आठवते त्या भाषेत ते ओरडत होते, "अरे, खाली ठेव! खाली ठेव मला! पडेल मी!"

ह्यूईला जेवढं मराठी येत होतं, त्यात 'खाली' नव्हतं. त्याने मागे वळून अंशुमनला विचारलं, "काय म्हणतायत रे कोच?"

"आणखी वर म्हणतायत," अंशुमन म्हणाला.